एक-दोन-तीनचा पाक आणि स्वीडनचा मुरवलेला हेरिंग

स्वीडनमध्ये मिडसमर (जूनमधला उन्हाळी सण) असो की नाताळ, जेवणात पहिली उघडते ती इनलाग्ड सिलची बरणी. खारवलेला हेरिंग मासा आंबटगोड पाकात घालून, कांदा आणि ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीची आठवण करून देणारे मसाल्याचे दाणे) यांच्याबरोबर दोन-तीन दिवस मुरवलेला. पाकाचं माप तिथे घरोघरी तोंडपाठ असतं: एक भाग एत्तिका (तीव्र व्हिनेगर), दोन भाग साखर, तीन भाग पाणी. इतकं सोपं की चुकायला जागाच नाही असं वाटतं. तरी चुकतं, आणि बहुतेक वेळा दोनच ठिकाणी. एक, मासा भिजवताना. दुसरं, त्या ‘एक भागा’च्या हिशेबात. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त वेळ घालवला आहे. बाकीचं काम अर्ध्या तासाचं आहे.

मासा कोणता घ्यायचा

हेरिंगला स्वीडिशमध्ये दोन नावं आहेत. अटलांटिक आणि उत्तर समुद्राच्या बाजूचा मोठा, चरबीदार तो सिल. बाल्टिक समुद्रात, स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या काल्मार शहराच्या उत्तरेला मिळणारा लहान, सडसडीत तो स्ट्रोमिंग. जात एकच, पण पाण्याचा खारटपणा वेगळा, त्यामुळे अंगही वेगळं. बरणीसाठी सिल घ्यायचा. चरबी असली की मासा आंबट पाकात मऊ राहतो. रोड मासा त्याच पाकात कोरडा आणि खडूसारखा होतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात पकडलेला मासा सगळ्यात भरलेला असतो. अंडी घालून झाल्यावरचा, वसंतातला, टाळलेला बरा.

स्ट्रोमिंगबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. बाल्टिकमधल्या चरबीदार माशांत डायॉक्सिन हे विषारी प्रदूषक साठतं, म्हणून मुलांनी आणि पुढे मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांनी तो वर्षातून दोन-तीनदाच खावा असा स्वीडनच्या अन्न प्रशासनाचा सल्ला आहे. अटलांटिकच्या सिलला ही मर्यादा नाही.

दुकानात खारा हेरिंग दोन रूपांत मिळतो. पिंपातला अख्खा खारवलेला, किंवा काटे काढून दोन बाजू वेगळ्या केलेले फिलेट्स. तिसरा प्रकार म्हणजे आधीच खारटपणा उतरवून डब्यात भरलेले फिलेट्स. ते भिजवायचे नसतात, नुसते निथळून पाकात घालायचे. घाईला ठीक आहेत. पण चव पिंपातल्या माशाचीच. याचं कारण मीठ लावण्याच्या जुन्या पद्धतीत आहे: आतडी काढताना माशाच्या पोटातला पाचक रसांचा थोडा भाग मुद्दाम आत राहू देतात, आणि ते रस मिठात महिनोन्‌महिने काम करत मांस मऊ आणि चवदार करतात. आपण बरणीत दोन दिवस मुरवतो, पण खरं मुरणं पिंपातच झालेलं असतं.

या पिंपांवर एकेकाळी शहरं उभी राहिली. मध्ययुगात स्कोने प्रांतातल्या (आजच्या दक्षिण स्वीडनमधल्या) स्कानोर आणि फाल्स्टरबोच्या बाजारातून खारा हेरिंग युरोपभर जायचा, आणि त्यासाठी लागणारं मीठ जर्मनीतल्या ल्युनेबर्गहून ल्युबेक बंदरामार्गे यायचं. गोड पाक ही त्या मानाने अलीकडची चैन. साखर महाग होती तोवर मीठच मासा टिकवत होतं.

भिजवणं: इथेच निम्मा पदार्थ ठरतो

चांगल्या खारवलेल्या हेरिंगमध्ये मीठ १५ टक्क्यांच्या वर असू शकतं. ते उतरवायचं, पण सगळं नाही. पाकात मीठ अजिबात नसतं, त्यामुळे भिजवून झाल्यावर माशात जेवढं उरेल तेवढंच शेवटी ताटात येणार.

१ किलो माशाला ४ लिटर थंड पाणी घ्या. कमी पाण्यात मीठ थोडं सुटतं, मग पाणी आणि मासा सारखेच खारट होऊन बसतात आणि पुढे काही होत नाही. फिलेट्सना ६ ते ८ तास पुरतात, अख्ख्या माशाला १२ तास, कधी त्याहून जास्त. मधे निदान दोनदा पाणी बदलायचं. भांडं पूर्ण वेळ फ्रिजमध्ये. कोमट पाण्यात मीठ लवकर सुटतं हे खरं, पण मांसही सुटतं, आणि तो लगदा पुढे कुठल्याही पाकाने सावरत नाही. काही घरांत शेवटच्या पाण्यात निम्मं दूध घालतात. त्याने माशाचा उग्र वास जरा उतरतो. केलं तर छान, नाही केलं तरी चालतं.

घड्याळापेक्षा जिभेवर भरवसा ठेवा. फिलेटच्या पाठीकडच्या जाड भागातून बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा आणि चाखा. शेपटीकडचा तुकडा फसवतो, तो पातळ असल्यामुळे आधीच उतरलेला असतो. उकडलेल्या बिनमिठाच्या बटाट्याबरोबर खाल्ला तर बरोबर लागेल, इतपत खारट हवा. नुसता खाताना तोंड वाकडं झालं तर आणखी दोन तास. अळणी झाला असेल तर उशीर झाला. पाकात अर्धा चमचा मीठ घालून थोडंफार निभावतं, पण मांसाचा घट्टपणा परत येत नाही.

अख्खा मासा असेल तर भिजवल्यानंतर साफ करायचा. डोकं छाटा, पोट उभं चिरा, आतली काळी पातळ साय सुरीच्या पाठीने खरवडून काढा. ती राहिली तर कडू लागतं. पाठीवर उभी चीर देऊन कातडं मानेपासून शेपटीकडे ओढलं की एका दमात निघतं. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी मांस सोडवा. बारीक काट्यांमागे लागू नका, आंबटात ते मऊ पडतात. साफ केलेले फिलेट्स कापडावर किंवा कागदी टॉवेलवर टिपून कोरडे करायचे. ओला मासा म्हणजे पाकात न मोजलेलं पाणी.

त्या ‘एका’चा हिशेब

एत्तिका म्हणजे स्वीडिश स्वयंपाकघरातला तीव्र, रंगहीन व्हिनेगर. तो १२ आणि २४ टक्के अशा दोन तीव्रतांत विकला जातो, आणि एक-दोन-तीनचं माप १२ टक्क्यांवर बेतलेलं आहे. बाहेरच्या वाचकाला हे कुणी सांगत नाही. तो घरातला ५ टक्क्यांचा साधा व्हिनेगर एक भाग घालतो आणि गोड सरबतात बुडालेला मासा घेऊन बसतो. चव तर जातेच, टिकाऊपणाही जातो.

५०० ग्रॅम भिजवलेल्या फिलेट्ससाठी हे माप आहे. स्वीडिश पाककृती डेसिलिटरमध्ये मोजतात, १ डेसिलिटर म्हणजे १०० मिली.

१२ टक्क्यांची एत्तिका १ डेसिलिटर, साखर २ डेसिलिटर (साधारण १८० ग्रॅम), पाणी ३ डेसिलिटर.

साखर विरघळल्यावर जागा कमी व्यापते, त्यामुळे एकूण पाक जेमतेम ५ डेसिलिटर भरतो आणि त्यात आम्ल सुमारे २.३ टक्के पडतं. तुमच्याकडचा व्हिनेगर वेगळा असेल तर साखर तशीच ठेवून फक्त व्हिनेगर आणि पाणी यांची वाटणी बदला. दोन्ही मिळून ४ डेसिलिटर झाले पाहिजेत:

२४ टक्के: अर्धा डेसिलिटर व्हिनेगर, साडेतीन पाणी
६ टक्के: २ व्हिनेगर, २ पाणी
५ टक्के: २.४ व्हिनेगर, १.६ पाणी
४ टक्के: ३ व्हिनेगर, १ पाणी

बाटलीवर टक्केवारी छापलेली नसेल तर ती बाटली या कामाला घेऊ नका. सफरचंदाचा किंवा वाइनचा व्हिनेगर चालतो, फक्त स्वतःची चव आणि रंग आणतो. लिंबाच्या रसाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, तो इथे नको.

साखर कमी करण्याचा मोह होतो. दोनाचे दीड केले तर चालतं, पण त्याहून खाली गेलं की आंबटपणा उघडा पडतो आणि मासा करकरीत लागतो. गोडवा इथे मिठाईसाठी नाही, तो आम्लाची धार बोथट करतो.

पाणी आणि साखर एकत्र तापवा, साखर विरघळली की आच बंद. एकतारी वगैरे काही नको. मसालेही याच वेळी घालावेत म्हणजे गरम पाकात त्यांचा वास उतरतो: ऑलस्पाइसचे १० ते १५ दाणे, त्यातले निम्मे जरा ठेचलेले, पांढऱ्या मिरीचे ५-६ दाणे, लॉरेलची (युरोपातल्या ‘बे लीफ’ची) २ पानं. लॉरेलच्या जागी तमालपत्र घालू नये. त्याचा दालचिनीसारखा वास या पदार्थात उपरा वाटतो. एत्तिका मात्र पाक निवल्यावरच. गरम पाकात ओतली की वाफेबरोबर आम्ल उडतं आणि स्वयंपाकघरात डोळे चुरचुरतात. भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं, ॲल्युमिनियमचं नको.

आता पाक फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण गार करायचा. हाताला गार लागणं पुरेसं नाही, माशाइतका गार हवा. कोमट पाकात मासा अर्धवट शिजतो, चरबी सुटून वर तवंग येतो आणि तुकडे उचलताना पानांसारखे सुटतात. ‘मुरवलेला’ आणि ‘उकडलेला’ यात एवढंच अंतर आहे, आणि ते एका तासाच्या धीराचं आहे.

बरणी भरणं

दीड लिटरची काचेची बरणी घ्या, किंवा पाऊण लिटरच्या दोन. उकळत्या पाण्याने धुऊन, उपडी ठेवून कोरडी केलेली. एक मोठा लाल कांदा पातळ चकत्यांत, एक गाजर तसंच पातळ. फिलेट्स तिरके कापायचे, २ सेंटिमीटर रुंद. तिरका काप दिला की कापलेली बाजू मोठी होते आणि पाक आत लवकर जातो.

मग थर: कांदा, मासा, गाजर, पाकातले मसाले, पुन्हा कांदा. मासा दडपू नका. दोन तुकडे एकमेकांना चिकटले की मधली बाजू मुरत नाही, तिथे राखाडी डाग राहतो. सगळ्यात वर कांद्याचा थर, म्हणजे मासा तरंगून बाहेर डोकावत नाही. पाक ओता, बरणी हलक्या हाताने आपटून हवेचे बुडबुडे वर येऊ द्या, सगळं बुडालं आहे ना ते बघा. हेरिंगची चरबी हवेत फार लवकर खवट होते. पाकाबाहेर राहिलेला एक तुकडा दोन दिवसांत पिवळा पडतो आणि त्याची चव बरणीभर पसरते.

फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा. पहिल्या दिवशी काचेतून बघत राहण्यासारखं असतं. तुकड्यांच्या कडा आधी दुधी होतात, मध्यभाग अजून काचेसारखा पारदर्शक असतो. संध्याकाळपर्यंत तो दुधी रंग आत सरकत जातो. लाल कांदा रंग सोडतो आणि पाक फिका गुलाबी होतो. २४ तासांत खाता येतो, पण तेव्हा आंबट वेगळं, गोड वेगळं, मासा वेगळा लागतो. तिसऱ्या दिवशी सगळं एक झालेलं असतं. दोन आठवड्यांपर्यंत उत्तम, तीन ही कमाल. त्यापुढे आम्लात माशाचीच पाचक द्रव्यं मांस मऊ करत राहतात आणि तुकडा काट्यावर उचलताना तुटतो.

आंबट आहे म्हणून बरणी फडताळात ठेवणं धोक्याचं आहे. पाकातलं २.३ टक्के आम्ल मासा, कांदा आणि गाजर यांत वाटलं गेलं की प्रत्यक्ष प्रमाण त्याहून बरंच खाली येतं. हा पदार्थ आम्ल, साखर, मीठ आणि थंडी या चारही गोष्टींवर टिकतो. थंडी काढून घेतली की उरलेल्या तिघांच्या जिवावर तो सोडता येत नाही.

ग्लासमेस्तारसिल हा याचाच थाटाचा भाऊ. नावाचा शब्दशः अर्थ ‘काचवाल्याचा हेरिंग’. पद्धत तीच, पण मासा कातडीसकट जाड तुकड्यांत कापतात, त्यांची रुपेरी बाजू काचेकडे ठेवतात, आणि थरांत हॉर्सरॅडिशचे (झणझणीत चवीच्या मुळाचे) आणि आल्याचे काप घालतात. बरणी सरळ टेबलावर येते, म्हणून रचायला वेळ द्यावा. हा पाच-सहा दिवसांनी जास्त चांगला.

ताजा मासा हाती असेल तर

ताज्या हेरिंगमध्ये अनिसाकिस नावाची कृमी असू शकते, आणि बरणीतल्या आंबटपणाने ती लवकर मरत नाही. युरोपीय संघाच्या नियमात असा मासा उणे २० अंशांवर, अगदी आतपर्यंत, किमान २४ तास गोठवायला सांगितलं आहे. घरचा फ्रीझर तितका थंड असेलच असं नाही आणि जाड मासा गोठायलाही वेळ घेतो, म्हणून आठवडाभर ठेवावा. उणे २० अंशांवर ७ दिवस हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचंही माप आहे.

गोठवलेले ५०० ग्रॅम फिलेट्स फ्रिजमध्येच वितळवा. २ डेसिलिटर एत्तिका (१२ टक्के), ६ डेसिलिटर पाणी, २ मोठे चमचे मीठ, एवढ्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी एक तुकडा मधून कापून बघायचा. मध्यापर्यंत पांढरा झाला असला पाहिजे. हे पाणी ओतून द्या, कातडं ओढून काढा, नीट निथळा आणि मग एक-दोन-तीनच्या पाकात नेहमीप्रमाणे. पिंपातल्या माशाची खोल चव याला येत नाही, पण मांस टणक आणि स्वच्छ चवीचं होतं.

स्ट्रोमिंग असेल तर त्याला वेगळीच वाट आहे. दोन फिलेट्स कातडी बाहेर ठेवून एकमेकांवर दाबायचे, राय नावाच्या (गव्हासारख्या) धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळायचे, आणि गार झाल्यावर त्याच पाकात कांद्याबरोबर एक दिवस ठेवायचे. पीठ पाक शोषून घेतं.

मोहरीतला हेरिंग

स्वीडिश टेबलावर एक बरणी कधीच एकटी नसते, आणि दुसरी बहुधा सेनापसिल असते. पाकात एक दिवस मुरलेले ५०० ग्रॅम तुकडे चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. अर्धा तास म्हणजे खरोखर अर्धा तास; ओल्या माशाने सॉस पातळ होतो आणि दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी पाणी साचतं.

सॉससाठी ३ मोठे चमचे गोडसर स्वीडिश मोहरी, १ मोठा चमचा तिखट दिझाँ मोहरी, २ चमचे साखर आणि १ चमचा एत्तिका एकत्र फेटा. मग २ डेसिलिटर रेपसीडचं तेल, आधी थेंबाथेंबाने, सॉस धरायला लागला की बारीक धारेने. सगळं एकाच तापमानाचं हवं. फ्रिजमधली मोहरी आणि बाहेरचं तेल असं झालं की सॉस फाटतो. फाटलाच तर दुसऱ्या भांड्यात एक चमचा मोहरी घेऊन त्यात फाटलेला सॉस चमच्याचमच्याने फेटत घाला, जुळतो. शेवटी मूठभर शेपू बारीक चिरून. मासा मिसळून एक रात्र ठेवा आणि आठवड्यात संपवा.

बिघडलं तर कशामुळे

पाक गढूळ: मासा नीट धुतला नाही, कण्याजवळचं रक्त राहिलं, किंवा खरकटा चमचा बरणीत गेला. गढूळपणाबरोबर बुडबुडे दिसले, झाकण उघडताना हवा सुटली किंवा वास बदलला असेल तर चाखून बघू नका, फेकून द्या. बाल्टिक किनाऱ्यावर मुद्दाम आंबवलेला सुरस्ट्रोमिंग असतो आणि त्याचे डबे फुगलेले असतात हे खरं, पण तो पदार्थच निराळा. त्याचं उदाहरण घेऊन फुगलेली घरगुती बरणी खाऊ नये.

कडक, खडूसारखा मासा: आम्ल जास्त झालं (२४ टक्क्यांची एत्तिका १२ची समजून घातली), किंवा मासा रोड होता. मऊ आणि फुटणारा: जास्त भिजला, कोमट पाक पडला, किंवा फार दिवस राहिला. पहिल्या दिवशी फार आंबट वाटला तर काही करू नका, उद्या पुन्हा चाखा.

वाढताना

मिडसमरची आदली संध्याकाळ १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते, आणि तेव्हा नवे बटाटे बाजारात असतात. ते शेपूच्या दांड्यांबरोबर उकडायचे. हेरिंग फ्रिजमधून थेट टेबलावर, बटाटा वाफाळता. हा थंड-गरम घास महत्त्वाचा. बाजूला ग्रेदफिल, म्हणजे १२ टक्के चरबीची आंबट साय, चिरलेली चाइव्हची (कांद्याच्या जातीची) बारीक पात, क्नेकेब्रोड नावाचा कडक, कुरकुरीत पाव, लोणी आणि वेस्टरबोटनसारखं मुरलेलं चीज. मोठ्या जेवणात हेरिंग सगळ्यात आधी आणि वेगळ्या ताटलीत घेतात, मग ताटली बदलून बाकीच्या पदार्थांकडे वळतात. आंबटगोड पाक पुढच्या मांसाच्या रश्शात मिसळला तर दोन्ही वाया.

बरणीतून काढताना दर वेळी कोरडा, स्वच्छ काटा. उरलेल्या पाकात नवा मासा घालू नका. त्यातलं आम्ल निम्म्यावर आलेलं असतं. कांद्याच्या चकत्या मात्र ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेल्या बटाट्यावर घालून खायला त्याच सगळ्यात चांगल्या लागतात.